वीतभर बुटकं तोरण

ही गोष्ट लिहायचं मी गेली सात वर्षं टाळत आलो. लिहायला बसलो की चष्मा सापडायचा नाही, पेन चालायचं नाही, कुणाचं तरी लग्न निघायचं. दरवर्षी सुगी आली की वाटायचं, यंदा लिहून टाकू. सुगी सरली की वाटायचं, एवढे दिवस गेलेच आहेत, आता पुढच्या सुगीला. आमची ही, म्हणजे माझी बायको शालन, फाल्गुन लागला की ओळखते. "आली वाटतं तुमची कडब्याची कळ," असं म्हणते आणि चहात आलं जरा जास्त घालते. कळ कसली आहे ते तिलाही मी सांगितलेलं नाही.

यंदा मात्र ती कळ घरापाशीच चालून आली. आम्ही सोलापुरात होटगी रस्त्याला राहतो. फाल्गुनात या रस्त्यानं कडब्याचे ट्रॅक्टर शहरातल्या गोठ्यांकडे जातात. ट्रॉली दिसतच नाही, पेंढ्यांची चालती गंज दिसते. पाठीमागून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पाल्याचा भुगा पडत राहतो आणि रस्ताभर तो वास. नव्या कडब्याला गोडसर, उन्हात वाळलेल्या धुण्यासारखा वास असतो. त्या दिवशी असाच एक ट्रॅक्टर आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबला. मी बाकड्यावर चहा पीत होतो. टपरीवाल्यानं विचारलं, "कुठनं भरलास?"

"सायबण्णाच्या तोरणापासनं," ड्रायव्हर म्हणाला.

"कोण सायबण्णा?"

"कुणाला ठावं. व्हता म्हणं रेल्वेचा एक आडमुठा फाटकवाला. तोरण बांधून लोकांच्या गाड्या अडवायचा. आता फाटक बी न्हाय अन् तोरण बी न्हाय. नाव तेवढं ऱ्हायलंय."

टपरीवाला हसला, ड्रायव्हरही हसला. माझ्या हातातला कप तसाच राहिला. सायबण्णा आडमुठा नव्हता हे त्या रस्त्यावर फक्त मला ठाऊक होतं आणि मी तिथंही गप्प बसलो. घरी येऊन टेबलाचा खण उघडला. माझा जुना पोलादी टेप तिथं असतो. तो बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला आणि कागद घेतला.

मी रेल्वेत होतो. नोकरीची शेवटची वर्षं विद्युतीकरणाच्या कामावर देखरेख करण्यात गेली. सोलापुरातून दक्षिणेला, होटगीच्या पलीकडे, एक रूळ होता त्याचे दोन झाले आणि डिझेलच्या गाड्या होत्या त्या विजेवर गेल्या. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांना वाटतं, खांब रोवले आणि तारा ओढल्या. पण काळ्या रानात खांब रोवणं ही काय चीज आहे! उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसाळ्यात फुगणारी ती माती. खड्डा खणला की शेजारचा शेतकरी काठाशी येऊन वाकून बघायचा आणि म्हणायचा, "एवढ्यात पाणी लागलं असतं की वो सायेब." मग रुळांवरून तारेची गाडी यायची. तांब्याची नवी तार उन्हात अशी चमकायची की सकाळच्या वेळी ज्वारीच्या पिकावर कुणी गुलाबी रेघ ओढल्यासारखी दिसे. दोन महिन्यांत ती काळी पडे. पण पहिले काही दिवस तिच्यावर कोतवाल पक्षी येऊन बसत आणि त्यांचं शेपूट खाली लोंबत राही. मला ते दिवस फार आवडायचे. आजही डोळे मिटले की रात्रीच्या दवानं ओली झालेली तार आणि तिच्याखाली कणसांवर आलेली ज्वारी दिसते, आणि मी स्वतःवर जवळजवळ खूश होतो.

तारेत वीज सोडण्याआधी गावोगाव रिक्षा फिरवायची असते. लाउडस्पीकरवर सांगायचं: अमुक तारखेपासून रेल्वेच्या वरच्या तारा जिवंत समजाव्यात, कुणी काठी, बांबू, ओलं काही त्यांच्याजवळ नेऊ नये. एका गावात एक म्हातारी उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. तिनं हात थांबवला आणि विचारलं, "मंग आजवर काय मेलेल्या व्हत्या व्हय?" आम्ही सगळे हसलो. सायबण्णा त्या दिवशी माझ्याबरोबर होता. तो हसला नाही. तो म्हणाला, "आजी, आजवर निजलेल्या व्हत्या. आता जाग्या हुनार." मला ते इतकं पटलं, की पुढच्या प्रत्येक गावात रिक्षावाल्याला मी तेच बोलायला लावलं.

सायबण्णा बोरीच्या फाटकाचा गेटमन. फाटकाच्या खोलीशेजारी एक जुनी बोर होती म्हणून हे नाव. माणूस काळासावळा, काटक. युनिफॉर्मच्या शर्टाचं वरचं बटणही लावणारा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि काही मोजायचं असलं की आपोआप कानडीत शिरायचा. मी खांबांमधलं अंतर मोजायला लागलो की टेपचं दुसरं टोक धरून पुटपुटायचा, "ओंदु, एरडु, मूरु..." त्याचं घर रुळाच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला. ते शेत त्याचा थोरला भाऊ शिवप्पा कसायचा. सायबण्णा त्याला अण्णा म्हणायचा. दुपारी अण्णाची भाकरी घेऊन कुणी आलं की फाटक उघडून देताना हा विचारायचा, "कालवण काय हाय?" उत्तर ऐकून मग फडक्याची गाठ सोडून एक तुकडा काढून घ्यायचा. "ह्यो फाटकाचा टोल," म्हणायचा. पलीकडून शेतातून अण्णा ओरडायचा, "लबाडा, आज बी टोल घेतलास व्हय!"

आता तोरणाविषयी. वरून जिवंत तार जाणार, म्हणजे खालून जाणारी गाडी किती उंच असावी याला मर्यादा आली. म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना, रस्त्यावर, दोन लोखंडी खांब आणि त्यांच्यावर एक आडवा पाईप लावतात. त्या पाईपाला ज्याचा माल लागला त्यानं पुढं जायचं नाही. आमच्या कागदावर त्याला हाईट गेज म्हणतात. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं तोरण केलं. कुणी तरी झेंडूची माळही त्यावर टाकली. "सायबण्णाच्या दारात लगीन हाय," अशी थट्टा चालू झाली आणि सायबण्णालाही ती आवडली.

त्या पाईपाची उंची रस्त्यापासून चार मीटर सदुसष्ट सेंटीमीटर हवी. मार्गशीर्षात मी स्वतः टेप लावला, सायबण्णानं खालचं टोक रस्त्यावर दाबून धरलं, वेल्डरनं पाईप बसवला. माप चोख होतं. पौषाच्या सुरुवातीला रस्त्यावर मुरूम आणि खडी पडली, वर डांबर आलं. रस्ता वर आला. पाईप होता तिथंच राहिला. एवढीच गोष्ट. रस्ता वाढला की तोरण बुटकं होतं, हे कुणालाही कळेल. म्हणूनच वीज सोडण्याआधी प्रत्येक फाटकावर पुन्हा टेप लावून रजिस्टरात नोंद करायची असते.

ती नोंद करायच्या दिवशी मी शिवप्पाच्या शेतात होतो. हुरड्याला. पौषाचा शेवट, सकाळचं कोवळं ऊन, गूळभेंडी ज्वारीची कणसं आगटीत फुटत होती. शिवप्पा गरम कणीस तळहातांवर चोळून फुंकर मारून दाणे माझ्या पुढ्यातल्या फडक्यावर टाकत होता. शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, गुळाचा खडा. "खावा सायेब, ह्यो चार दिवसांचा पाहुणा हाय, परत म्हणाल तर मिळणार न्हाय," असं म्हणत तो थांबूच देत नव्हता. फाटक समोर, शंभर पावलांवर. तोरण दिसत होतं. मला उठायचं होतं. पण बोटं दाण्यांत होती आणि जीभ चटणीवर. मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि लिहिलं: उंची तपासली, बरोबर. सही केली. त्या पानावर माझ्या अंगठ्याला लागलेली राख उमटली. ते रजिस्टर आज कुठल्या कपाटात असेल कुणास ठाऊक, पण ती राख मला अजून दिसते.

माघात तारा जाग्या झाल्या. पहिली विजेची गाडी गेली तेव्हा फाटकावर निम्मं गाव जमलं होतं. धूर नाही, धडधड नाही, नुसती एक लांब सळसळ. शिवप्पा म्हणाला, "आली कधी, गेली कधी? साप गेल्यावानी वाटतंय." सायबण्णानं हिरवा झेंडा सरळ धरला होता. गाडी गेल्यावरही त्यानं तो बराच वेळ खाली घेतला नाही.

आणि मग फाल्गुन आला. सुगी आली.

सुगीचं वर्णन मी काय करणार, आमच्या इकडं ती सगळ्यांच्या अंगातच असते. ज्वारी उपटून उपटून बायांच्या हातांना पडलेले घट्टे, खळ्यावरची धूळ, पेंढ्या बांधताना ओठांत धरलेलं ज्वारीचं ताट. गाडी भरणं ही तर कलाच. खालून फेकणारा एक, वर रचणारा एक. थरावर थर. शेवटी नाडा आवळला की गाडी फुगून गर्भार बाईसारखी सावकाश चालते. ती किती उंच भरायची हे कुणी मोजत नाही. बाप जेवढी भरायचा तेवढी मुलगा भरतो.

त्या वर्षी बापाच्या मापानं भरलेल्या गाड्या तोरणाला अडकल्या. पाहिजे त्यापेक्षा तोरण वीतभर खाली होतं आणि वीतभर म्हणजे पेंढ्यांचे वरचे दोन थर. गाडी थांबवायची, चढायचं, दोन थर उतरवायचे, डोक्यावरून रूळ ओलांडून पलीकडे टाकायचे, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा रचायचं. दिवसाला दहा दहा गाड्या. उन्हाचा कडाका. शिव्या कुणाला? समोर असेल त्याला. सायबण्णा एकेकाला सांगत राहिला, "मोजून लावलंय सायबानं. वर जिती तार हाय. माझ्या बापाची गाडी असती तरी थर उतरवला असता."

बापाची नाही, भावाची गाडी आली. त्या वेळी मी तिथं नव्हतो. जे घडलं ते पुढं दोघांनीही मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोघांचं सांगणं सारखंच होतं.

"अण्णा, दोन थर उतरवा."

"टेकतंय का बघ की. नुसता पाला लागतोय."

"पाला लागला म्हंजी माल लागला. उतरवा."

"आमी सकाळपासनं उन्हात हाय, सायबू. तू भाऊ हायस का तोरणाचा जावई?"

मागं उभे होते ते हसले. सायबण्णाही हसला असता, पण तो ड्युटीवर होता. तो म्हणाला, "नेम सगळ्यांना सारखा, अण्णा."

शिवप्पानं नाडा सोडला. दोन थर नाही, सगळी गाडी त्यानं तिथंच तोरणाच्या खांबाशी, कडेला रिकामी केली. "घे. तुझ्या तोरणाला घाल ही वैरण," असं म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. तो कडबा आठ दिवस तिथं पडून राहिला. त्यातली एक पेंढीही सायबण्णानं उचलली नाही आणि शिवप्पानंही. गावातली मोकाट गुरं तेवढी खुशीत होती.

आठव्या दिवशी मी फाटकावर गेलो. सायबण्णानं मला पाणी दिलं आणि अवघडत म्हणाला, "सायेब, एकदा टेप लावूया का? लोक लई बोलायल्यात."

"मी लावलेलं माप आहे, सायबण्णा," मी म्हणालो. आवाजात चढ होता, तोही आठवतो.

"तसं न्हाय सायेब. तुमचं माप चुकत न्हाय, मला म्हाईत हाय. लोकांच्या समाधानासाठी."

तो जेवायला घरी गेला तेव्हा मी एकटाच तोरणाखाली गेलो. शिडी लावून टेपचं टोक पाईपाला अडकवलं आणि खाली ओढलं. रस्त्यावर टेकलं तो आकडा वाचला. पुन्हा वाचला. वीतभर कमी. पायाखालच्या डांबराकडे बघताना मला त्यात हुरड्याची आगटी दिसली.

चूक सुरक्षित बाजूची आहे, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या खात्यात हा शब्द फार वापरतात. तोरण उंच असतं तर कुणाचा तरी जीव गेला असता. बुटकं आहे तर जास्तीत जास्त कुणाचे दोन थर जातील. ते खोटंही नव्हतं. पण न मोजता केलेली खोटी नोंद ही वीज सोडण्याआधीची नोंद होती आणि माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. शिवाय सबंध लाईनीवर माझ्या टेपाचं नाव होतं. त्या नावाचा मला लोभ होता, हे आज लिहिताना सगळ्यात अवघड जातंय.

दोन दिवसांत वेल्डर आणून मी पाईप वर घेतला. सायबण्णानं विचारलं, "काय सायेब, हे?"

मी म्हणालो, "वरून नवीन ऑर्डर आलीय. उंची वाढवली."

त्याचा चेहरा असा फुलला! तसाच युनिफॉर्मवर तो शेतात पळत गेला, भावाला सांगायला. शिवप्पा खळ्यावर होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझा कडबा गुरांनी खाल्ल्यावर नेम बदलला व्हय? खाली बी तूच घेतलंस अन् वर बी तूच." ते त्याचं सायबण्णाशी शेवटचं बोलणं. गावानंही तेच धरलं. तोरण सायबण्णाचं, त्याच्या लहरीचं.

वर्षं गेली. फाटक बंद झालं, रुळांखालून भुयारी रस्ता झाला, तोरण कापून नेलं, बोर तेवढी राहिली. सायबण्णा दुसऱ्या फाटकावर गेला, मग निवृत्त झाला. मीही झालो. मी सुखात आहे, खोटं कशाला बोलू? सकाळी स्टेशनवर फिरायला जातो, पुलावर उभा राहून तारांखालून गाड्या जाताना बघतो. डिझेलचा काळा धूर नाही, स्टेशनाजवळच्या घरांत वाळत घातलेली धुणी आता पांढरी राहतात. यातले काही खांब माझ्या हाताखाली उभे राहिले, असं मनात येतं आणि चालताना पाय हलके होतात.

टपरीवरच्या त्या प्रसंगानंतर आठ दिवसांनी मी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. वाक्य पाठ करून निघालो होतो. खिडकीतून सुगी दिसत होती: निम्मी रानं मोकळी, निम्म्यांत कडब्याच्या उभ्या पेंढ्या एकमेकींना टेकून. सायबण्णा स्टेशनवर न्यायला आला होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

वस्तीवर दोन भावांची दोन घरं, मधली भिंत एक, अंगण एक, खळंही एकच. मी ओट्यावर बसलो तसा शिवप्पा त्याच्या दारातून आला, रामराम केला आणि मोठ्यानं म्हणाला, "सायेब, तुमच्या दोस्ताला सांगा, मळणीचं मशीन उद्या येतंय."

सायबण्णा माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "सायेब, तेनला सांगा, मला ऐकू आलंय."

"सायेब, सांगा, पोती कमी हायती."

"सायेब, सांगा, मी आणून ठेवल्यात."

सायबण्णाची सून भाकरी थापता थापता तोंडाला पदर लावून हसत होती. सात वर्षं हे असंच चाललंय. जावांचं छान जमतं, चटण्या इकडून तिकडे जातात. पेपर शिवप्पाकडे येतो. तो वाचून झाला की दुसऱ्या दिवशी मधल्या भिंतीवर ठेवतो आणि सायबण्णा तो उचलतो. पेपर भिंत ओलांडतो, शब्द ओलांडत नाहीत.

शिवप्पा आत गेल्यावर मी घसा खाकरला. तेवढ्यात सायबण्णा सुनेला म्हणाला, "अगं, हेच ते सुरवसेसायेब. हेंचा टेप म्हंजे देवाचा टेप." मग माझ्याकडे वळला. "लोक हसले, सायेब. अण्णा बोलायचं थांबला. लई वाईट वाटायचं. पण मी म्हणलं, माप ते माप. भावासाठी वाकवलं असतं तर मग माप कसलं? एवढंच एक काम आयुष्यात मी ताठ उभा ऱ्हाऊन केलं. व्हय की न्हाय?"

मी त्याच्याकडे बघितलं. या माणसानं भाऊ दिला होता, आणि त्याच्या बदल्यात त्याच्याजवळ काय होतं? माझं बरोबर असलेलं माप.

"व्हय," मी म्हणालो. रजिस्टरात एकदा, ऑर्डरचं सांगताना एकदा आणि हे तिसऱ्यांदा खोटं.

जेवण उत्तम झालं. नव्या ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. पोट भरलं की माणसाला आपण बरे आहोत असं वाटतं, तसं मलाही वाटलं. चारच्या गाडीला तो मला सोडायला आला. शिवप्पानं भिंतीवरून सायबण्णाच्या सुनेपुढं एक फडकं केलं होतं, "सायेबाला द्यायला सांग," म्हणून. त्यात गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे होते. वाटेत सायबण्णानं त्यातले चार दाणे काढून घेतले. "टोल," म्हणाला आणि हसला. आणि तिथं मला उमगलं, की भावाच्या हातचं काही त्याच्या तोंडात सात वर्षांत असंच, दुसऱ्याच्या फडक्यातूनच, गेलं असणार.

मी ठरवलं, आता सांगायचं. गाडीत चढून सांगायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघावं लागणार नाही. जुन्या हिशेबानं माझ्याकडे वेळ होता. डिझेलचं इंजिन जागचं हलायला वेळ घ्यायचं. आधी धूर, मग गुरगुर, मग एकेका डब्याला हिसका, मग कुठं प्लॅटफॉर्म सरकायला लागायचा. तेवढ्या वेळात माणसं निरोप घ्यायची, पाण्याची बाटली भरून आणायची, भांडण मिटवायची. मी दारात उभा राहिलो, दांडी धरली आणि म्हणालो, "सायबण्णा, ते माप..."

विजेची गाडी केव्हाच निघाली होती. हिसका नाही, आवाज नाही. तो मागं गेला होता. त्यानं कानामागं हात धरला, मान हलवली, हसला, आणि मग सवयीनं उजवा हात सरळ वर धरला, हातात हिरवा झेंडा असल्यासारखा. मी दिसेनासा होईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नसणार.

हा लेख पेपरात छापून आला तर शिवप्पाच्या घरी आधी पोचेल. भिंतीवर ठेवायचा की भिंतीला वळसा घालून स्वतः जायचं, ते त्यानं ठरवावं. माझ्या तोंडात त्या दिवशी राहून गेलेलं वाक्य एवढंच होतं:

सायबण्णा, तोरण वीतभर बुटकं होतं. ऑर्डर आली नव्हती, मी खोटं बोललो. तू ताठ उभा राहिलास ते खरं आहे, पण अण्णांच्या गाडीवरचे ते दोन थर उतरवायची गरज नव्हती. माप माझं चुकलं, मला माफ कर.